बेण्यावरची लिंबाची डहाळी

जी गोष्ट मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितली नव्हती, ती आधी सांगून टाकतो. त्याशिवाय पुढच्या सात दिवसांचं काही लिहिता येणार नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी कुरुंद्याच्या आमच्या शेतात हळदीचं बेणं शिजलं. सगळंच्या सगळं. दोष आला माझा मित्र प्रमोद याच्यावर. चूक माझी होती, आणि ती मला त्याच दुपारी कळली होती.

ज्यांनी हळदीचं रान पाहिलं नाही त्यांच्यासाठी जरा खुलासा करतो. हळद खणून काढली की झाडाच्या बुडाचे जाड गड्डे आणि त्यांना फुटलेली बोटं वेगळी करतात. बोटं शिजवून वाळवली की त्यांचं हळकुंड होतं. गड्ड्यांपैकी निवडक, टणक तेवढे बेण्याला, म्हणजे पुढच्या लागवडीला ठेवायचे. उरलेले शिजवून विकायचे. शिजलेल्या गड्ड्याला कोंब फुटत नाही. आता हे दोन ढीग परक्या माणसाला सारखेच दिसतात. म्हणून आमच्या घरची रीत अशी, की बेण्याच्या ढिगावर माय लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची, हिरवी डहाळी खोचून ठेवणार. डहाळी असेल त्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही.

प्रमोद संगमेश्वरकडचा. परभणीला शेतीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. हळद कशी शिजते ते बघायला तो सुट्टीत आमच्याकडे आला होता. त्या सकाळी मला दात घासायला काडी हवी होती. लिंबाचं झाड पन्नास पावलांवर होतं आणि डहाळी हाताशी. मी ती उपसली, एक काडी मोडून घेतली, उरलेली भट्टीत टाकली. येताना दुसरी खोचू म्हटलं, आणि पोती आणायला गावात गेलो. मागे पुसदकडचे दोन मजूर होते. त्यांनी प्रमोदला विचारलं, "साहेब, कोणचा ढीग घ्यावा?" त्याला कुठल्याच ढिगावर डहाळी दिसेना. विचारावं तर हसतील. त्यानं जवळचा दाखवला.

दुपारी वडील आले. कढईतले गड्डे बघून ते खालीच बसले. मग उठले. "डहाळी दिसली न्हाई तुला? डोळे फुटले व्हते का?" प्रमोद म्हणाला, "चुकलं काका. माझं लक्ष नव्हतं." डहाळी होती आणि आपल्यालाच दिसली नाही, असं त्याला खरंच वाटलं. मी तिथंच उभा होतो. काडी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

ते बेणं मायनं लग्नात माहेराहून, गोरेगावहून आणलेलं होतं. प्रमोद त्या दिवशी न जेवता दुपारच्या गाडीनं गेला.

रविवार, कुरुंदा

यंदा जानेवारीत प्रमोदचा फोन आला. तो ठाण्याला बँकेत आहे. "नीलिमाला औंढ्याचा नागनाथ बघायचाय. आठवडाभर येऊ का? पण मावशी काय म्हणतील?" मावशी म्हणजे माझी माय. दर मे महिन्यात प्रमोद तिच्या नावानं आंब्याची पेटी पाठवतो. माय आंबे आवडीनं खाते आणि कोय टाकताना न चुकता म्हणते, "आंबे ग्वाड हायेत, पण लेकराचा हात लई अपेशी." दरवर्षी हे ऐकून मी पुढची फोड उचलतो. आजवर मी तोंड उघडलेलं नाही. "या," म्हणालो. आणि फोन ठेवताना ठरवलं, की या आठवड्यात सांगायचंच.

दोघं आले तेव्हा ऊन उतरलं होतं. प्रमोदचं पोट सुटलंय, केस गेलेत, पण चपला दाराबाहेर सरळ रेषेत काढायची सवय तशीच. नीलिमावहिनी ठेंगण्या, बोलक्या. ओसरीवर येताच प्रमोद मायच्या पाया पडला. मायनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लई वाळलास रे."

"वाळलो? मावशी, दोन माणसांचा झालोय मी."

"पोट सुटलं म्हंजे मानूस भरला असं न्हाई. बस. आधी जेव. मागल्या बारीला उपाशी गेलतास."

म्हणजे मायच्या ध्यानात ते होतंच. ज्वारीची गरम भाकरी, भाजलेल्या डाळींच्या पिठाची म्हणजे येसराची आमटी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. ठेच्याचा पहिला घास घेताच वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावजी, तुमच्याकडे पाहुण्याला शिक्षा देतात काय?" माय हसली आणि त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. कोकणात नारळानं जे काम होतं, ते आमच्याकडे शेंगदाण्याला आणि तेलाला करावं लागतं, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. भात कधी येतो, असं मात्र त्या रोज विचारत राहिल्या.

सोमवार, रानात

आमची हळद खणून झाली होती, शिजवायची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या पानांचे ढीग होते, काही जळत होते. ते बघून वहिनी थबकल्या.

"ही सगळी हळदीची पानं? आणि तुम्ही जाळता?"

"काय करता मग?"

"अहो, आमच्याकडे पातोळ्यांना एक पान हवं असलं तर चार घरं फिरावं लागतं!" त्यांनी एक पान उचललं, चुरलं, वास घेतला. "वाळलंय. श्रावणात बोलवायचं होतं तुम्ही."

पानावर तांदळाचं पीठ आणि गूळखोबरं थापून वाफवतात, हे मायला पटेना. "पानात वाफवायचं? हळदीच्या? अन् कडू न्हाई लागत?" हळद कोकणात परसात चार झाडं, इथं नजर जाईल तिथवर. पण त्या चार झाडांचं पानसुद्धा तिकडे सणाला कामी येतं, आणि आम्ही एवढ्या रानाचं पान काडी लावून मोकळे होतो. एवढी वर्षं हळद करूनही हे मला ठाऊक नव्हतं.

आंब्याखाली बेण्याचा ढीग होता. त्यावर डहाळी. प्रमोदनं ती पाहिली आणि दहा पावलं लांबून वळसा घालून गेला. एवढा मोठा माणूस, बँकेतला साहेब, ढिगाला बिचकून लांबून गेला. सांगण्याची वेळ ती होती. मी म्हणालो, "ऊन लागतंय, चला."

मंगळवार, औंढा

औंढ्याच्या देवळाबाहेरची शिल्पं बघताना वहिनी हरखून गेल्या. हत्तींच्या रांगा, वाद्यं, भांडणारी माणसं. काहींची नाकं गेलेली, पण चेहऱ्यावरचा तोरा कायम. गाभारा खाली आहे. अरुंद, उतरत्या वाटेनं अंग चोरून जावं लागतं. प्रमोद अर्ध्यात अडकला. खरोखर अडकला. मागून एक आजीबाई ओरडल्या, "ओ दादा, पुढं सरका, न्हाई तर मागं या! देव तितंच हाय, पळून न्हाई जात!"

"आजी, सरकता आलं असतं तर सरकलो नसतो का?"

"श्वास सोडा! घेऊन काहून राहिले?"

त्यानं श्वास सोडला, मी वरून खांदा दाबला आणि तो खाली पोचला. वर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला आता फक्त भाकरी. भात बंद."

नंदी देवळाच्या मागे का, असं प्रमोदनं विचारलं. नामदेवमहाराजांना पुढं बसू दिलं नाही म्हणून ते मागे जाऊन कीर्तनाला बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट मी सांगितली. आमच्याकडे ती कुणीही सांगतो. प्रमोद म्हणाला, "चूक झाली तर देऊळसुद्धा फिरतं, काय?" तो सहज म्हणाला. मी त्यांना तळं दाखवायला पुढे निघालो.

त्या संध्याकाळी ओसरीत तो वडिलांच्या फोटोपुढे उभा राहिला. "काका गेले तेव्हा मला कळलंच नाही रे. उशिरा समजलं."

इथं दुसरी गोष्टही लिहितो, कारण ती पहिलीहून जड आहे. वडील गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात खाटेवर पडून होते. एकदा त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "त्या कोकणच्या पोराला एकदा बोलाव. लई बोललो मी त्याला. गड्डे गेले ते गेले. पाव्हणा दारातून उपाशी गेला. मला माफी मागायची हाय म्हणावं." मी म्हणालो, पत्र टाकतो. टाकलं नाही. दोघं समोरासमोर बसले असते तर डहाळीची गोष्ट निघाली असती. तुला दिसली का नाही, होती की नव्हती. मग माझी काडी बाहेर आली असती. वडिलांनी दोनदा विचारलं, "उत्तर आलं का?" मी दोनदा म्हणालो, "अजून न्हाई."

बुधवार, नर्सी आणि सिद्धेश्वर

नर्सीला कयाधूच्या काठावर आम्ही निवांत बसलो. पाणी कमी, वाळू जास्त. नामदेवांचं जन्मगाव म्हणून इथं पंजाबातून शीख भाविक येतात. पगडीवाल्या एका कुटुंबानं वहिनींच्या हातावर गोड शिरा ठेवला आणि त्यांच्याशी हिंदीत अर्धा तास गप्पा मारल्या. पुढे सिद्धेश्वर धरणावर गेलो. मासे खायचे म्हणून वहिनी सकाळपासून खुशीत होत्या. टपरीवरचा तळलेला मासा आला. एक घास, मग दुसरा.

"कसा हाये ताई?" टपरीवाल्यानं विचारलं.

"चांगला आहे हो. पण ह्याला समुद्र माहीत नाही."

"बराबर हाये ताई. आमाला बी न्हाई."

परतताना गाडीचं चाक पंक्चर झालं. जॅक बाहेर काढला तर प्रमोद हात मागे बांधून उभा. "धर की जरा," मी म्हणालो. "नको रे. मी हात लावला की काहीतरी बिघडतं," तो हसत म्हणाला. वहिनींनी पदर खोचला आणि जॅक धरला. मी नट आवळत राहिलो, आवळून झाले तरी.

गुरुवार, गोरेगाव आणि कनेरगाव नाका

मायला तिच्या माहेरची खुशाली हवी होती, म्हणून गोरेगावला गेलो. मायच्या बहिणीच्या घरी चहा झाला, बाजारातून वहिनींनी विळा घेतला, आणि परतीला वाकडी वाट करून कनेरगाव नाक्यावर ढाब्यावर जेवायला थांबलो. तिथं वऱ्हाड प्रांत अगदी अंगणात आल्यासारखा वाटतो. बोलण्याचा हेल बदलतो, भाजीचं तिखटही.

ढाबेवाला ओळखीचा निघाला. "कुरुंद्याचे? मंग हळदवाले तुमी. अन् हे पाव्हणे?"

वहिनी हसत म्हणाल्या, "हे बेणं शिजवणारे पाहुणे." त्यांच्या घरात तो जुना विनोद असावा. "खरंच सांगते भावजी, तेव्हापासून ह्यांनी घरात कशाला हात लावला नाही. कुकरची शिट्टी मोजायला सांगितली तरी म्हणतात, तूच मोज."

प्रमोदही हसला. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "हसायचं सोड, पण गावची जमीन मी कधी कसली नाही ती त्यामुळेच. कॉलेजातून निघताना ठरवलं होतं, घरी जाऊन शेती करायची. पण म्हटलं, ज्याला हिरवी डहाळी दिसत नाही त्यानं शेती काय करायची? बँकेची परीक्षा दिली. जमीन चुलतभावाकडे आहे. बरं चाललंय त्याचं."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी कदाचित पुन्हा गप्प बसलो असतो.

"डहाळी नव्हती," मी म्हणालो.

"काय?"

"ढिगावर डहाळी नव्हतीच. मी उपसली होती. दात घासायला. तुला दिसली नाही, कारण ती नव्हती."

वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला. ढाबेवाला कांदा घेऊन आला आणि तसाच परत गेला. प्रमोद माझ्याकडे बघत राहिला. बँकेत खोटी सही आली तर बघत असेल तसा.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दुपारी. वडील तुला बोलत होते तेव्हा काडी माझ्या खिशात होती."

तो उठला. हात धुतले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. वाशीमकडे ट्रक जात होते. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आमचे आंबे खाल्लेत." एवढंच. यापेक्षा कुणी मला थोबाडीत दिली असती तरी बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळानं प्रमोद आत आला. "चहा सांगितलास?" सांगितला नव्हता. तो स्वतः काउंटरवर गेला आणि तीन चहा घेऊन आला. चहा पिऊन आम्ही निघालो. पण मला लिहायला लाज वाटते ते हे, की त्या गप्प गाडीत मला हलकं वाटत होतं. वर्षानुवर्षं डोक्यावर असलेलं मोळीचं ओझं उतरलं की मान आपोआप डोलते, तसं.

शुक्रवार, पुन्हा रानात

सकाळी उठलो तर प्रमोद अंथरुणात नव्हता. चपलाही नव्हत्या. गेला, असं वाटलं. पुन्हा उपाशी गेला. वहिनी मात्र मायसोबत चुलीपाशी निवांत बसल्या होत्या. "रानात गेलेत," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, पण म्हणाल्या.

आमच्या रानात हळद शिजवणारी टोळी आली होती. आता भट्टी-कढई गेली. वाफेवर चालणारी टाक्यांची गाडी येते, तिला सगळे कुकरच म्हणतात. धुरात आणि वाफेत प्रमोद उभा होता. बँकेतल्या साहेबाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. टाकीतून काढलेल्या हळदीच्या बोटात तो काडी टोचून बघत होता.

"गेली का आरपार?" टोळीचा मुकादम ओरडला.

"अर्ध्यात अडते."

"मंग अजून पाच मिनटं. उतरवू नका. अन् साहेब, हात धुवून बी निघायचे न्हाईत आता, सांगून ठेवतो. आठ दिवस बँकेत लोक इचारतेन, नवरदेव झाले का म्हनून!"

प्रमोद खो खो हसला. मला बघून थांबला. पाच मिनिटांनी त्यानं पुन्हा काडी टोचली, ती आरपार गेली. "उतरवा," तो म्हणाला. टाकी उतरली. तो वाफेकडे बघत होता.

मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "रात्रभर तुला शिव्या दिल्या. नीलिमानं ऐकल्यात, विचार तिला. काकांना सांगितलं होतंस?"

"न्हाई."

"मावशींना?"

"न्हाई."

"मग मला सांगून अर्धंच झालंय. मावशींना तू सांगायचं. आज. माझ्यासमोर."

मुकादमानं त्याला हाक मारली आणि तो गेला. वडिलांचा विषय त्यानं स्वतः काढला होता. त्यांचे शब्द माझ्या ओठांवर होते. मी त्याला हाक मारली नाही.

दुपारी ओसरीवर मायला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तू व्हतास व्हय?"

"व्हय."

"अन् मी दरसाली ह्या लेकराचे आंबे खाऊन ह्यालाच बोल लावून राहिले." ती प्रमोदकडे वळली. "इकडं ये बाप्पा." त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलांवर बोटं मोडली. "तुला कुनी सांगितलं का न्हाई, बेणं काय बुडालं न्हाई. दुसऱ्याच साली गोरेगावच्या बहिणीकून टोपलंभर माघारी आनलं मी. आत्ता रानात हाये ते तेच हाये."

प्रमोदला हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे मी. तो खाली बसला. "तेच? त्याच बेण्याचं?"

"तेच रे. उगं रडू नको, पाव्हणा हायेस." मग माझ्याकडे बघून, "अन् तू आज जेवायचा न्हाईस."

मी बाहेर जाऊन बसलो. पन्नाशीच्या माणसाला आई उपाशी ठेवते, हे बायकोनं सगळ्या गल्लीला सांगितलं असणार. दोन जण उगाच डोकावून गेले. संध्याकाळी प्रमोदच ताट घेऊन आला. "मावशींनी पाठवलंय. म्हणाल्या, पाहुण्यानं वाढलं तर चालतं." दोन भाकरी, ठेचा, लोणी. मी जेवत असताना तो शेजारी बसला. त्याचा पिवळा हात माझ्या पाठीवर पडला. "संपलं आता," तो म्हणाला. मी दुसरी भाकरीही संपवली.

शनिवार, निघताना

प्रमोद यंदा पावसाच्या आधी गावी जाणार आहे. चुलतभावाकडून चार गुंठे मागून घ्यायचे, हळद लावायची. वहिनी म्हणाल्या, "मला पानांसाठी हवीच आहे. कंद जमले तर जमले." मायनं आंब्याखालच्या ढिगातून स्वतः वेचून गड्डे एका पिशवीत भरले. पिशवीचं तोंड बांधायच्या आधी ती उठली, वाकत वाकत लिंबापर्यंत गेली आणि हिरवी डहाळी मोडून आणली. वर खोचली.

"ही दिसते ना रे?"

"दिसते मावशी."

"मंग झालं. चुलतभावाला म्हणावं, दात घासायचे तर ब्रश घे."

स्टेशनवर वहिनींनी मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आंबे ह्या वर्षीही येतील. पण आता चवीनं खा." गाडी हलली तेव्हा प्रमोद दारात उभा होता, पिशवी छातीशी धरून, डहाळी वर आलेली. मी मोकळ्या हातानं घरी आलो आणि दुपारी गाढ झोपलो, कैक वर्षांत झोपलो नव्हतो तसा.

तरी एक राहिलंच. त्यानं पाठीवर हात ठेवून संपलं म्हटल्यावर पुन्हा सुरू करायला माझी जीभ रेटली नाही. पावसाच्या आधी तो लागवडीला गावी जाईल, तेव्हा मी संगमेश्वरला जाणार आहे. माझ्या वडिलांनी प्रमोदची माफी मागितली होती. ती मी त्याला अजून पोचवलेली नाही.